विहीणबाईंचे दीड तास, माझे तीन

आमच्या विहीणबाई, कुमुदताई, मुंबईहून शारजाला दीड तासात पोचल्या. हे माझं म्हणणं नाही. त्यांनीच तिथे पोचल्या पोचल्या मला फोन करून सांगितलं. "अकराला विमान सुटलं आणि साडेबाराला मी शारजात! अहो शैलाताई, तुमच्या भाईंदरला यायचं म्हणजे याहून जास्त वेळ मोडतो." मी तेव्हा गोडदेवच्या आमच्या घरात मोरीतलं पिंप भरत होते. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं. ते आलं की फोनवर फार बोलता येत नाही, एवढाच काय तो त्याचा फायदा.

आता मीही जाऊन आलेय. बिल्डिंगमधल्या बायका विचारतात, "काकू, विमानाने किती वेळ लागतो हो?" त्यातल्या एकीलाही विमान माहीत नाही, पण विहीणबाईंचे दीड तास सगळ्यांना माहीत आहेत, कारण मेघनाच्या लग्नात ओळख झालेल्या माझ्या शेजारणीला त्यांनी वेगळा फोन केला होता. तेव्हा म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढावं.

गोडदेव

मेघना माझी एकुलती एक मुलगी. लग्न होऊन दोन वर्षं झाली. जावई निखिल दुबईत नोकरीला आणि राहायला शारजात. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, यात चर्चा करण्यासारखं काही नव्हतं. मी आतल्या खोलीला रंग काढून घेतला. सातव्या महिन्याच्या ओटभरणासाठी दादरहून हिरवी साडी आणली. गोडदेव गावठाणात पारूबाय आहे, बाळंतिणीला आणि बाळाला मालीश करते, तिला सांगून ठेवलं. ती रस्त्यात भेटली की विचारायची, "बाय, तुजी पोर कवा येनार हाय?" आणि मी तारीख सांगायचे.

पोर आलीच नाही. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, विमान नको, जिने नकोत, पडून राहायचं. म्हणजे आता कोणीतरी तिकडे जायला हवं. कोणीतरी म्हणजे मी. पण माझ्याकडे पासपोर्ट नव्हता. लालबाग सोडून इथे येऊन इतकी वर्षं झाली, तरी आमच्या रेशनकार्डावर लालबागचाच पत्ता होता. उद्या बदलू, परवा बदलू, यात दोघांनीही आळस केला. आता तो बदलल्याशिवाय पुढे काही सरकेना. कुमुदताईंचा पासपोर्ट मात्र तयार होता. त्यांचा थोरला मुलगा सिंगापूरला असतो. त्या तिकडे दोनदा जाऊन आल्यात, आणि बोरिवलीत राहतात. बोरिवली मुंबईत येते. आम्ही ठाणे जिल्ह्यात. हे मला त्यांनी लग्नाच्या बैठकीतच समजावून सांगितलं होतं.

तर त्या गेल्या. ओटभरण त्यांनी केलं. निखिलने फोटो पाठवले, ते आम्ही स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जाऊन पाहिले. मेघनाच्या अंगावर फुलांचे दागिने, हिरवी साडी, आणि शेजारी कुमुदताई. साडी तिथेच घेतलेली होती. मी घेतलेली माझ्या कपाटात. चारचौघांत मी म्हणायचे, "बरं झालं बाई, त्या आहेत जवळ." पण खरं सांगायचं तर मला हेवा वाटत होता. वाईट वाटणं वेगळं आणि हेवा वेगळा. वाईट वाटलं की जेवण जात नाही. मी दोन पोळ्या जास्त खात होते आणि प्रत्येक घासाला त्यांना काहीतरी बोलत होते.

पासपोर्ट आला, मग व्हिसा आला, मग तिकीट आलं. आमचे हे सायबर कॅफेतून एक कागद छापून घेऊन आले. "हे बघ. मुंबई ते शारजा, हवाई अंतर एकोणीसशे किलोमीटरच्या थोडं वर. वेळ साधारण तीन तास."

"तीन?" मी म्हटलं. "कुमुदताई दीड तासात पोचल्या. माझं विमान हळू आहे का?"

हे हसायला लागले. "अगं, विमान तेच. अकराचंच. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं. आपले दोन वाजले की त्यांचे साडेबारा. त्यांनी उतरल्यावर घड्याळ मागे केलं आणि सांगितलं दीड तास."

"म्हणजे खोटं सांगितलं."

"खोटं नाही गं. तिथल्या घड्याळात साडेबाराच वाजले होते."

"मग मी घड्याळ मागे करणारच नाही," मी म्हटलं. "तीन तास बसायचं आणि दीड सांगायचे, हे आपल्याला जमणार नाही."

राहिले लाडू. मेघनाला लहानपणापासून माझे डिंकाचे लाडू आवडतात. दर थंडीत डबा संपवायची. बाळंतिणीला तर ते हवेतच. मी तयारीला लागले तेवढ्यात शारजाहून फोन. "शैलाताई, लाडू आणाल ना? पण खसखस नका घालू हं. इकडे बंदी आहे. अफूच्या झाडाची म्हणून पकडतात."

मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मग विचार केला. कुमुदताई मेथीचे लाडू करतात. लग्नानंतर एकदा पाठवले होते. त्यातला एक मी खाल्ला आणि उरलेले ह्यांना दिले. आता माझे लाडू आले तर त्यांच्या मेथीच्या लाडवांना कोण विचारणार? खसखशीशिवाय डिंकाचा लाडू म्हणजे मिठाशिवाय आमटी. मेघना एक घास खाऊन म्हणणार, आई, चुकले गं यंदा. आणि ते ऐकायला शेजारी कोण बसलेलं असणार, हे सांगायला नकोच. आम्ही काही दुधखुळे नाही. रश्श्याच्या, कुर्म्याच्या वाटणात जी खसखस आपण रोज घालतो, ती पकडतात म्हणे!

मी तुपात डिंक फुलवला, खारकेची पूड केली, सुकं खोबरं भाजलं, आणि वाटीभर खसखस चांगली गुलाबी भाजून घातली. हट्टाने नेहमीपेक्षा थोडी जास्तच घातली. ह्यांना बोलले नाही. सांगितलं असतं तर हे परत सायबर कॅफेत गेले असते.

दहिसर नाका

सकाळी सहाला टॅक्सी काशिमीऱ्यावरून निघाली आणि दहिसरच्या टोलनाक्यावर उभी राहिली ती राहिलीच. पुढे ट्रक, मागे ट्रक. कुमुदताईंचं घर या नाक्याच्या पलीकडे. म्हणजे त्यांना हेही सोसावं लागलं नसणार. मी मांडीवर लाडवांचा स्टीलचा डबा धरून बसले होते. सामानात दिला असता तर लाडवांचा भुगा झाला असता, म्हणून तो हातातच ठेवला होता.

तेवढ्यात मला विमानतळावर सोडायला निघालेल्या ह्यांचा मोबाइल वाजला. निखिल होता. "बाबा, मेघनाला दुखायला लागलंय. हॉस्पिटलला नेतोय. डॉक्टर म्हणतायत, आजच."

अजून आठवडा होता! तो आठवडा हिशेबात धरूनच तिकीट काढलेलं. मी पोचणार, एक दिवस तिच्या डोक्याला तेल लावणार, मग सगळं होणार, आणि बाळ बाहेर आलं की पहिलं माझ्या हातात येणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. एवढी एकच गोष्ट मला हवी होती. ओटभरण गेलं, साडी गेली, जाऊ दे. बाळाला पहिलं मी घेणार.

"चल ना रे बाबा पुढे," मी ड्रायव्हरला म्हटलं.

"उडके जाऊँ क्या, आंटी?" तो म्हणाला. हे पण हसले. मला त्या दोघांचा राग आला.

हवेत

विमानाबद्दल लोक जे सांगतात ते बहुतेक खरं आहे. कान गच्च होतात, पोटात गोळा येतो आणि खालची घरं काड्यापेट्यांएवढी दिसतात. समुद्र लागल्यावर पाहायला काही उरत नाही. निळं वर आणि निळं खाली. पण मला तर काहीच बघायचं नव्हतं. तिकडे माझी मुलगी कळा देतेय आणि मी इथे पट्टा लावून बसलेय. पुढे जाऊन ढकलता येत नाही की उतरून चालता येत नाही. तीन तास म्हणजे काय, हे त्या दिवशी कळलं.

खिडकीपाशी एक बाई होत्या. काळा बुरखा, हातात सोन्याच्या जाड बांगड्या, आणि तोंड सुरू झालं की थांबायचं नाव नाही. शमीमबाई. माहेर म्हसळ्याचं, त्यामुळे मराठी आपल्यासारखंच, मध्येच हिंदीत शिरणारं. नवऱ्याचं शारजात कापडाचं दुकान. राहायला मीरा रोडला, नया नगरात.

"गोडदेव? मग आपण शेजारीच की!" त्या म्हणाल्या. "अहो, मी तिकडून मच्छी आणते. डब्यात काय आहे? मघापासून तुपाचा वास येतोय."

मी सांगितलं. मुलगी, बाळंतपण, डिंकाचे लाडू.

"माशाल्ला. छान." मग एकदम माझ्याकडे वळून, "खसखस नाही ना घातली?"

मी डब्याचं झाकण घट्ट दाबलं.

"बाई, घातली की नाही?"

"घातली. वाटीभर."

"या अल्ला!" त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की पुढचे दोघं वळले. "तिकडे पकडतात! आमच्या बिल्डिंगमधल्या एकाच्या सामानात मसाल्याची पुडी मिळाली, तर दिवसभर बसवून ठेवला. तो सुटला म्हणून बरं. काहीजण सुटत पण नाहीत. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

सांगितलं होतं. सांगणारीचं नाव आठवून माझे कान तापले. म्हणजे कुमुदताई खरं बोलल्या होत्या. खोटं बोलल्या असत्या तर मला किती बरं वाटलं असतं! आणि दिवसभर बसवून ठेवलं तर? मेघना हॉस्पिटलात, बाळ कुमुदताईंच्या हातात, आणि मी पोलिसांसमोर लाडवांचा डबा घेऊन. हे जन्मभर ऐकावं लागलं असतं.

"हवाईसुंदरीला द्या, कचऱ्यात टाकेल," शमीमबाई म्हणाल्या.

"बाळंतिणीचे लाडू कचऱ्यात?" मी म्हटलं. "नाही हो. ते नाही जमायचं."

शमीमबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग डब्याकडे पाहिलं. "मग एकच उपाय. खायचे."

त्यांनी दोन खाल्ले, मी दोन खाल्ले. डबा तसाच भरलेला दिसत होता. तेव्हा शमीमबाई उभ्या राहिल्या आणि पुढच्या दोघांच्या खांद्यावर थाप मारून म्हणाल्या, "लो भाई, लड्डू लो. घर का है."

विमानात बहुतेक पुरुषच होते. कोणी सुतार, कोणी गवंडी, कोणी ड्रायव्हर. सुट्टी संपवून कामावर परत चाललेले, त्यामुळे चेहरे उतरलेले. मी डबा घेऊन मधल्या वाटेने निघाले. घरी हळदीकुंकवाला तिळगूळ वाटते तशी एकेकापुढे डबा धरत गेले. एका दाढीवाल्याने विचारलं, "माताजी, किस खुशी में?"

आता काय सांगू? खसखशीच्या खुशीत? "बेटी को बच्चा हो रहा है," मी म्हटलं. "अभी. अस्पताल में है."

"मुबारक हो!" तो म्हणाला, आणि ते मागे मागे पसरत गेलं. मुबारक हो, बधाई हो, चाची एक और देना. शेवटच्या रांगेतला एक मल्याळी माणूस काहीतरी बोलला ते मला कळलं नाही, पण त्याने लाडू कपाळाला लावून खाल्ला. एका म्हाताऱ्याने अर्धा खाऊन अर्धा रुमालात बांधला, खोलीतल्या दोस्तासाठी म्हणून. शमीमबाई मागून ओरडल्या, "चाचा, बांधो मत! अभी खाओ! पूरा खाओ!" म्हाताऱ्याने घाबरून तो अख्खा तोंडात कोंबला. हवाईसुंदरी आधी रागावली, "मॅडम, प्लीज बसून घ्या." मग तिलाही एक दिला. तो तिने पडद्यामागे जाऊन खाल्ला.

डबा रिकामा झाला तेव्हा माझ्या घड्याळात साडेबारा वाजून गेले होते. घरी ही आमच्या ह्यांची भात लावायची वेळ. मला एकदम रडू आलं. मुलीसाठी एवढ्या मेहनतीने केलेले लाडू सगळ्या जगाने खाल्ले आणि तिला एक मिळणार नव्हता.

मग संडासातल्या वाटीएवढ्या बेसिनमध्ये तो डबा तीनदा धुतला, शमीमबाईंनी दिलेल्या कागदी रुमालांनी पुसला, आणि निऱ्यांतून खसखशीचा एकेक कण झटकला. बाहेर लोक दारावर थापा मारत होते.

शारजा विमानतळ

तपासणीला काळ्या पोशाखातली एक बाई होती. माझी पिशवी तिने उघडली, गोधड्या, झबली, वेखंड सगळं वर काढलं आणि शेवटी डबा उघडला. आत पाहिलं. वास घेतला. परत वास घेतला. तिकडच्या बऱ्याच लोकांना हिंदी येतं, हे मला माहीत नव्हतं.

"खाना किधर है?"

"खाया," मी म्हटलं.

"पूरा?"

"सबने."

तिने झाकण लावून डबा परत दिला आणि हाताने जा म्हणून सांगितलं. शमीमबाई पलीकडे उभ्या होत्या. त्यांनी मला नया नगरातल्या घराची खूण सांगितली, लाडवाचं साहित्य आपल्याकडून, करायचे तुम्ही, असं ठरवून टाकलं, आणि गर्दीत गेल्या.

निखिल बाहेरच होता. चेहऱ्यावरूनच कळलं. "आई, मुलगी झाली! दोघी एकदम छान आहेत. अकरा पाचला झाली."

अकरा पाच! अकराला माझं विमान सुटलं. म्हणजे ती आली तेव्हा मी अजून मुंबईच्या जमिनीवरच, पट्ट्याशी झटत बसलेली. एवढा आटापिटा करून मी निघण्याआधीच सगळं आटोपलं होतं. "जवळ कोण होतं?" मी विचारलं.

"आई होती ना," निखिल म्हणाला. त्याची आई.

मुलगी झाली याचा आनंद झाला. खूप झाला. पण त्याच्या पाठोपाठ लगेच ते दुसरंही आलं, आणि गाडीत बसल्यावर ते दुसरंच जास्त बोलत होतं.

हॉस्पिटलच्या खोलीत शिरले. कुमुदताई खुर्चीत, मांडीवर गुंडाळलेलं बाळ. "या, आजीबाई!" त्या म्हणाल्या. "बघा, नाक आमच्याकडचं आहे." बाळ माझ्या हातात दिलं. लाल, चुरगळलेलं, डोळे मिटलेलं. दुसऱ्या नंबरने का होईना, पण त्या क्षणी मला पहिल्या नंबराची आठवण राहिली नाही. आठवण आली ती लगेच नंतर. मेघनाने "आई" अशी हाक मारली, मी "काय गं" म्हणेपर्यंत कुमुदताईंनी तिच्या तोंडाशी पाण्याचा पेला धरला होता. ती त्यांनाही आईच म्हणते. दोन महिन्यांत त्या हाकेवर त्यांचा हात बसला होता.

"लाडू आणले ना?" कुमुदताईंनी विचारलं.

"विमानात विसरले," मी म्हटलं.

"अरेरे! असू द्या हो. मी मेथीचे केलेत."

शारजा

शारजाबद्दल थोडं सांगते, म्हणजे दुबई दुबई करणाऱ्यांना कळेल. दुबईत भाडं परवडत नाही म्हणून लोक शारजात राहतात. रोज सकाळी सगळ्या गाड्या दुबईच्या दिशेने मुंगीच्या पावलाने जातात आणि संध्याकाळी तशाच परत येतात. इमारतीला इमारत चिकटलेली. खाली मल्याळ्याचं किराणा दुकान, फोन केला की कोथिंबिरीची जुडीसुद्धा वर पाठवतो. मी हे दोन दिवस पाहिलं आणि कुमुदताईंना म्हटलं, "हे तर दुबईचं भाईंदर झालं की हो." त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. बोरिवलीच्या माणसाचा मुलगा भाईंदरात राहतो, हे पचायला जडच. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

पण पाणी! नळ फिरवला की पाणी, कधीही फिरवा. पहिले दोन दिवस मी सवयीने बादली भरून ठेवत होते. कुमुदताईंनी ती पाहिली आणि काही न बोलता ओतून दिली. बोलल्या असत्या तरी परवडलं असतं.

मासळीबाजारात सुरमई अशी की आडवी ठेवली तर आमचा ओटा पुरणार नाही. पण चवीला आमच्या भाईंदरजवळच्या उत्तनची ती उत्तनचीच. खजूर मात्र मानले. आपल्याकडे आजारी माणसाला देतात तो खजूर आणि हा, यांचं काही नातं नाही.

बाळाची आंघोळ कुमुदताई घालायच्या. पाय लांब करून बसायच्या, बाळ पायावर पालथं, आणि हात असा फिरायचा की पारूबायनेही मान डोलावली असती. मी काहीतरी खोट शोधायला टॉवेल धरून उभी राहायचे. सापडली नाही. यासारखा ताप नाही. ज्या माणसाचा हेवा वाटतो त्याने निदान एखादी चूक तरी करावी.

मी खसखशीशिवाय डिंकाचे लाडू केले. मेघनाने एक खाल्ला. "छान आहेत गं," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "पण यात काहीतरी कमी आहे, नाही?" मी कुमुदताईंकडे पाहिलं नाही. त्या माझ्याकडे पाहत होत्या.

पाचवी

पाचव्या दिवशी संध्याकाळी सटवाईची पूजा. पाटा-वरवंटा हवा, तो शारजात कुठून आणणार? कुमुदताईंनी खालच्या बागेतून एक गुळगुळीत दगड उचलून आणला. मी म्हटलं, रस्त्यावरचा दगड चालत नाही. त्या म्हणाल्या, देवीला पत्ता विचारायची सवय नसते. शेवटी दगड धुऊन पोळपाटावर ठेवला, शेजारी कोरा कागद आणि पेन, बाळाचं नशीब लिहायला.

पूजा झाल्यावर कुमुदताईंनी बोरिवलीच्या गुरुजींना फोन लावला, पत्रिकेसाठी. फोन त्यांनी स्पीकरवर ठेवला होता, कारण त्या बोलताना कोणी ऐकणारं असलं की त्यांना बरं वाटतं.

"जन्मवेळ अकरा वाजून पाच मिनिटं," त्या म्हणाल्या.

"तिकडची की आपली?" गुरुजींनी विचारलं. "मला दोन्ही लागतील."

"अकरा पाच इकडची. आपली म्हणजे..." कुमुदताईंना बोटं मोजावी लागली नाहीत. या हिशेबात त्यांचा हात कोण धरणार? "दीड तास पुढे. बारा पस्तीस."

मी निरांजनातली वात सारखी करत होते. हात तसाच राहिला.

बारा पस्तीस. माझं घड्याळ अजूनही आपल्याच वेळेवर होतं, मी ते हट्टाने बदललं नव्हतं. त्या घड्याळात साडेबारा वाजून गेले होते तेव्हा मी कुठे होते? मुंबईत नव्हते. मी विमानाच्या शेवटच्या रांगेपाशी उभी होते, हातात डबा, आणि सगळं विमान मुबारक हो म्हणत होतं. पोर इकडे पहिल्यांदा रडली तेव्हा तिकडे आकाशात तिच्या नावाने लोकांची तोंडं गोड होत होती, आणि ती मी करत होते. आपल्याकडे बाळ झालं की पेढे किंवा बर्फी वाटतात. कुमुदताईंनी हॉस्पिटलातल्या नर्सना बर्फी वाटली ती दुपारी, मी पोचल्यानंतर. मी पाहिलं होतं.

पहिलं तोंड गोड केलं ते मी.

हे सांगायचं तर लाडू विमानात विसरले नव्हते, हे सांगावं लागणार. ते का वाटले, तेही. म्हणजे खसखस. म्हणजे "बरं" म्हणून फोन ठेवल्यावर मी काय केलं ते. एक जिंकायचं तर दुसरं हरायचं. गुरुजी नक्षत्र सांगत होते. कुमुदताईंनी फोन ठेवला.

"कुमुदताई," मी म्हटलं, "लाडू मी विसरले नव्हते."

आणि सगळं सांगितलं. शमीमबाई, दाढीवाला, रुमालातला अर्धा लाडू, कपाळाला लावलेला लाडू, पडद्यामागची हवाईसुंदरी. मेघना पोट धरून हसत होती, हसताना टाके दुखतायत म्हणून ओरडत होती, आणि परत हसत होती. निखिल भिंतीला टेकून खाली बसला.

कुमुदताई हसल्या नाहीत. "म्हणजे खसखस घातलीच होती तुम्ही."

"घातली होती. वाटीभर."

"मी सांगूनसुद्धा."

"तुम्ही सांगितलंत म्हणून तर जास्त घातली."

त्यांनी बाळाचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाल्या, "बारा पस्तीसला? नक्की?"

"घड्याळ हे बघा. अजून आपल्याच वेळेवर आहे."

त्यांनी माझ्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं, भिंतीवरचं पाहिलं, आणि मनातल्या मनात दीड तास वजा केले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो चेहरा मी ओळखला. सायबर कॅफेतल्या त्या फोटोंपुढे बसले होते तेव्हा माझा तसाच असणार. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते समोर होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

"सगळ्या विमानाला," त्या पुटपुटल्या. "मी नर्सना वाटली ती तर एक किलोच बर्फी." मग उठल्या, बाळाला उचललं, आणि ते तसंच माझ्या मांडीवर आणून ठेवलं. "धरा. उद्याची आंघोळ तुम्ही घाला."

मी पोरीला छातीशी धरलं. डोळ्यांत पाणी आलं. कुमुदताईंबद्दल एवढं चांगलं मला कधीच वाटलं नव्हतं. आत जाऊन त्यांनी सिंगापूरला थोरल्या मुलाला फोन लावला, तोही स्पीकरवर, म्हणजे मला बाहेर सगळं ऐकू येत होतं.

"अरे, ऐक तर खरं," त्या सांगत होत्या. "आपल्या चिमणीच्या जन्माचे लाडू कुठे वाटले, माहितीये? विमानात! आकाशात! अख्ख्या विमानाला वाटले आपण."

आपण! मी बाळाला मेघनाच्या कुशीत दिलं, पदर खोचला आणि त्या फोनकडे निघाले.